लावसट की जखीण

माझे धाकटे दीर मालवाहू जहाजावर नोकरीला होते. ऐंशी सालानंतरची गोष्ट. एकदा उन्हाळ्यात ते लांबलचक रजेवर कडावला घरी आले, तेव्हा त्यांच्या पेटीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि मूठभर फासे होते. फासे आपल्या सोंगट्यांच्या फाशांसारखे नव्हते. एक चार कोनांचा, एक आठ तोंडांचा, एक तर वीस तोंडांचा, बोरासारखा गोल वाटावा असा. जहाजावर वेगवेगळ्या देशांचे खलाशी फावल्या वेळात हा खेळ खेळायचे आणि जाता जाता त्यातल्याच एकाने तो दिरांना देऊन टाकला होता.

खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायला लागायचं. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. समोर नदी आली, काय कराल? दरवाजा बंद आहे, काय कराल? आपण सांगायचं आणि ते साधलं की नाही ते फाशाने ठरवायचं. वाल झोडून झाले होते, भाताला अजून अवकाश होता. दुपारी जेवणं आटोपली की आम्ही माजघरात चटई टाकून बसायचो. दीर सूत्रधार, माझे यजमान, मी आणि शेजारच्या घरातल्या धाकट्या काकू. काकू म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. तोंडाने फटकळ. त्या गोष्टीतली वैदीण झाल्या आणि त्यांना त्यात शिरायला एक दुपार पुरली.

सासूबाई खेळत नसत. त्या दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. सासरे ओटीवर आडवे झालेले असत, पण झोपलेले नसत. हे मला पुढे कळलं.

त्या पुस्तकात भुतांचं एक मोठं प्रकरण होतं. दीर वाचून मराठीत सांगायचे. भूत म्हणजे मेलेल्या माणसाचं जे मागे राहतं ते. त्याला अंग नसतं, भिंतीतून जातं, साध्या हत्याराने मरत नाही, चांदीच्या हत्याराने जखमी होतं. प्रत्येकाच्या बळाला आकडा होता. एवढ्या बळाचं भूत, एवढी त्याची झडप, एवढ्या अंतरापर्यंत त्याची भीती.

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यो कुठला देश म्हणायचा रं? भुतांत जात नाय, पात नाय, बाई नाय, पुरुष नाय. सगळी एकाच तव्यावरची."

"मग आपल्याकडं कशी असतात ते सांगा ना," दीर म्हणाले. "आपण आपलीच घालू. कोथळीगडाची वाट, उल्हास नदी, पेजेचा डोह. गोष्ट इथलीच करू."

तिथून खेळ बदलला. पुढचे कितीतरी दिवस आम्ही खेळलो कमी आणि भुतं ठरवत बसलो जास्त. दीर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घ्यायचे. त्यांचे तीनच प्रश्न असत. हे भूत कोणाचं होतं? ते काय करतं? त्याला काय आवरतं? काकूंकडे उत्तरं तयार असत. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा. त्याला पिंपळ लागतो, तो खोड्या काढतो, जिवे मारत नाही. निपुत्रिक गेला आणि जीव जमिनीत अडकला तो समंध, तो आपली चीज राखत बसतो. चकव्याला तोंडच नाही, तो नुसता वाट फिरवतो. वहाणा उलट्या पायांत घातल्या की सोडतो. पाण्यातल्या आसरा म्हणजे भुतं नव्हेत. त्या देवता. त्यांना या कागदावर घेतलंस तर मी उठून जाईन, असं काकूंनी बजावलं.

"मुंजाला बळ किती धरू?" दिरांनी विचारलं.

"त्याला कसलं बळ? समोरचा जेवढा भ्याला तेवढं त्याचं बळ."

दिरांना हे इतकं आवडलं की त्यांनी तो नियमच केला. आमच्या खेळात भुताचा फासा सूत्रधार टाकत नसे. ज्याच्यासमोर भूत आलं त्याने टाकायचा. आकडा जितका मोठा तितका तो भ्याला आणि तितकं भूत बळकट.

गावात याची कुणकुण लागायला वेळ लागला नाही. ताक न्यायला आलेल्या बाईने खिडकीतून "वेताळाला मी सांगतो, तुमी मागून जा" असं काहीतरी ऐकलं. मग पोलीस पाटील एका दुपारी सहज आल्यासारखे आले. त्यांनी वीस तोंडांचा फासा बोटांत धरून उजेडात फिरवला. "आकडे हायत याच्यावर," ते म्हणाले. "कल्याण का मुंबई?" त्यांना तो मटक्याचा प्रकार वाटला होता. दिरांनी समजावलं, चहा झाला, पण जाताना त्यांनी आमच्या सगळ्यांकडे एकेकदा बघून घेतलं. जुगार नसेल तर मग हे दुसरंच काहीतरी असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. गावच्या विहिरीवरच्या बायका मी गेले की बोलणं बदलायला लागल्या. मी कर्जतच्या दुकानदाराची मुलगी, गावात शाळामास्तरीण. मला आधीच अर्धी बाहेरची धरत होते. आता पुरती धरली.

याच दिवसांत दिरांनी आमच्या वरच्या शेतातली विहीर गोष्टीत आणली.

त्या विहिरीबद्दल मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात ऐकलं होतं. सासऱ्यांचे एक थोरले भाऊ होते. ते तापाने गेले. त्यांना मूल नव्हतं. त्यांची तरणी बायको मागे राहिली आणि वर्षभरात एका पहाटे ती त्या विहिरीत गेली. काठावर कळशी सापडली. गळ टाकले, काही लागलं नाही. तळाच्या कपारीत अडकली असणार, असं ठरलं. तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी कोणी प्यायलं नाही. शेताला तेवढं देत. भर दुपारी तिथून जाणाऱ्या पुरुषाला ती हाक मारते, तंबाखू मागते, असं सगळं गाव सांगायचं.

"तर विहिरीवरची थोरली काकू," दीर पेन्सिल घेऊन म्हणाले. "हिला काय लिहू?"

"लावसट," काकू म्हणाल्या. "रांडपणात गेलेली बाई ती लावसट. सवाष्ण मेली तर जखीण. बाळंतपणात गेली तर अळवंत. तुझी थोरली काकू लावसट."

दाराशी सुपाचा आवाज थांबला.

"लावसट नाय," सासूबाई म्हणाल्या. "लिव्हायचंच असंल तर जखीण लिव्ह."

"जखीण कशी गं?" काकू हसल्या. "तिचा नवरा आधी गेला, ती मागनं गेली. कपाळ पांढरं झालेली बाई जखीण कशी व्हईल?"

सासूबाई उठल्या. सूप उचलून आत गेल्या. आणि ओटीवरून सासऱ्यांचा आवाज आला. "त्या विहिरीचा खेळ करायचा नाय. कागद फाडून टाका."

सासरे कधी आवाज चढवत नसत. दिरांनी मुकाट्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला.

माझं मन मात्र तिथून हलेना. लावसट आणि जखीण यांत फरक एवढाच की बाई मेली तेव्हा तिचा नवरा जिवंत होता की नाही. काकू या घरात नंतर आल्या, त्यांनी सगळं ऐकलेलं. सासूबाई मात्र तेव्हा घरात होत्या, नुकत्या लग्न होऊन आलेल्या. त्या जखीण म्हणत असतील तर थोरल्या आधी गेल्या असणार आणि त्यांचा नवरा मागून. मग घरच्यांनी क्रम का बदलला? मी शोधायला लागले. विहिरीजवळचं शेत आमच्याकडचं सगळ्यात चांगलं. थोरल्या भावाचा त्यातला वाटा मागायला त्या दोघांमागे कोणी उरलं नव्हतं. ते सासऱ्यांच्या नावावर होतं. त्या शेतात सासरे भर दुपारी कधीही पाऊल ठेवत नसत; सकाळी जात, उन्हं वर आली की परत फिरत. मी ताटात वाढताना त्यांच्या हातांकडे बघायला लागले. यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "जुन्या गोष्टी उकरून काय मिळायचं हाय?" मला वाटलं, यांनाही माहीत आहे.

अमावास्येला सासूबाई त्या विहिरीवर नारळ आणि भात ठेवून येत. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टीच होती. त्या निघाल्या आणि थोड्या वेळाने मीही बांधाच्या कडेने गेले. त्यांनी काठावर नारळ ठेवला, भात ठेवला, मग इकडेतिकडे पाहून कमरेच्या पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि पाण्यात सोडल्या. विधवेच्या विहिरीत कोणी हिरव्या बांगड्या सोडत नाही.

त्या वळल्या तर समोर मी.

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी किती बोलेन आणि कोणाजवळ, याचा अंदाज घेत असाव्यात.

"तुला काय वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"मला वाटतंय की त्या आपल्या पायांनी विहिरीत गेल्या नाहीत," मी म्हणाले.

"ते खरं हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी पिशवी कमरेला खोचली. "रविवारी मी म्हायेराला जानार हाय. माझ्यासंगं चल. आनि तवर तोंड बंद ठेव."

सासूबाईंचं माहेर खालापूर तालुक्यात, चौक गावाच्या पलीकडे. रविवारी आम्ही कर्जतहून एस.टी.ने निघालो. चौकला हमरस्त्यावर उतरलो, पण पुढच्या गाडीची वाट बघायच्या ऐवजी त्या रस्ता ओलांडून ट्रकांच्या रांगेतून चालू लागल्या. एका गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे ड्रायव्हर लोक भाकरी-कालवण खायला बसत. चुलीपुढे एक जाड, उंच बाई भाकरी थापत होती. हात पिठाचे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मनगटभर हिरवा चुडा.

"आलीस?" ती सासूबाईंना म्हणाली आणि मग तिची नजर माझ्यावर थांबली. "ही कोन?"

"माझी थोरली सून."

"तिला सांगितलंस?"

"नाय. तिनंच काढलं."

मी काहीच काढलं नव्हतं. जे काढलं होतं ते सगळं उलटं होतं. मी तिथल्या बाकावर बसले. थोरल्या जिवंत होत्या.

सासूबाईंनी मग सांगितलं, तेही थोरल्यांच्या समोर, भाकऱ्या निवत असताना. भाऊ गेल्यावर सासऱ्यांचं वागणं फिरलं. वहिनीने घासभर जास्त घेतलं तरी ते बोलायचे. एका रात्रीच्या जेवणाला त्यांनी वहिनीच्या पुढ्यातलं ताट ओढलं आणि म्हणाले, नवऱ्याला खाल्लंस तेवढ्यानं पोट भरलं नाय का. "मी नवी व्हते," सासूबाई म्हणाल्या. "चुलीपाशी बसले व्हते. मला वाटलं, हिच्या जागी उद्या मी."

गावच्या भाताच्या गिरणीवर घाटावरचा एक ड्रायव्हर ट्रक घेऊन यायचा. आमच्यात विधवा बाई पाट लावून दुसरा संसार करू शकायची, त्याला कोणी नाही म्हटलं नसतं, पण तो आमच्या जातीचा नव्हता. थोरल्यांनी जायचं ठरवलं तेव्हा एकट्या सासूबाईंना सांगितलं. नुसत्या निघून गेल्या असत्या तर भावकी शोधत चौकपर्यंत आली असती. म्हणून थोरल्या पहाटे त्याच्या ट्रकमध्ये बसल्या आणि सासूबाईंनी कळशी नेऊन विहिरीच्या काठावर ठेवली. परत येऊन अंथरुणात शिरल्या. कोणी तरी ओरडत येईपर्यंत जाग्या पडून राहिल्या.

"मेलेल्या मानसाला कोन शोधत नाय," त्या म्हणाल्या.

"आणि बांगड्या?" मी विचारलं.

"लोक म्हनाले, विहिरीला नारळ द्या. मी देते. पन हिचा नवरा हितं बसून टायर काढतोय आनि मी हिच्या नावानं पांढरं सोडू? जित्या बाईला लावसट म्हनवत नाय गं मला."

थोरल्या ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, "लोक काय सांगतात माझं?"

मी सांगितलं. दुपारी पुरुषांना हाक मारता. तंबाखू मागता.

"मी जल्मात तंबाखू खाल्ली नाय," त्या म्हणाल्या. त्यांना राग आला होता तो फक्त याचाच. मग चुलीतलं लाकूड मागे ओढत त्यांनी विचारलं, "आनि माझा दीर? भितो?"

"भितात," मी म्हणाले. "दुपारी तिकडे जात नाहीत."

"बरं हाय," थोरल्या म्हणाल्या आणि आम्हाला जेवायला वाढलं.

परतीच्या वाटेवर मी सासूबाईंना म्हणाले, "मामंजींना आता सांगायला हवं. इतकी वर्षं त्यांना वाटतंय की आपल्या बोलण्यानं ती गेली."

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "त्यानंतर त्यांनी कुनाचं ताट वढलं नाय. माझंबी नाय." आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. या बाईबरोबर मी काही वर्षं एका घरात राहिले होते, एका चुलीवर रांधलं होतं. त्या दिवसापासून मी तिला थोडी घाबरायला लागले, आणि तितकीच जवळची मानायला लागले.

दिरांनी विहीर पुन्हा गोष्टीत आणायचा विषय काढला तेव्हा मी नको म्हटलं. "वैनी, तुमी कायतरी लपवताय," ते म्हणाले. मी नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. त्यांची रजा संपली, ते मुंबईला जहाजावर गेले, फासे आणि पुस्तक बरोबर घेऊन. पुढे बोटीवरच त्यांनी ते कोणालातरी दिलं. काकू मात्र पुष्कळ दिवस विचारायच्या, "आपली वैदीण घाटात अडकली व्हती, तिचं काय झालं?"

चौकला आम्ही त्यानंतर वरचेवर गेलो. सासूबाईंच्या माहेरी काहीना काही निघायचंच. सासरे एकदा मला म्हणाले, "तुझ्या सासूला म्हातारपणी म्हायेर गोड लागाय लागलं," आणि माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघत राहिले. तेही शोधत होते, फक्त कुठे शोधायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा थोरल्या गेल्या. पावसाळ्यानंतर दोन दिवसांच्या आजारात. गॅरेजवरचा एक माणूस सांगायला आला, तो नेमका सासरे ओटीवर असताना. सासूबाई आतून आल्या, निरोप ऐकला, तिथेच खांबाला टेकून बसल्या आणि रडल्या. कोणासाठी ते विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. ताट, ट्रक, कळशी, चौक. काही वगळलं नाही, काही गोड केलं नाही.

सासरे ऐकत होते. मला वाटलं आता ते ओरडतील, नाहीतर मोकळे तरी होतील. इतक्या वर्षांचं ओझं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही उमटलं नाही. ते एकेका शब्दाची पारख करत होते, बाजारात रुपया वाजवून घ्यावा तशी.

"ती आता मेली म्हनतेस," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मग मला विहिरीवर हाक मारली ती कुनी?"

सासूबाईंनी मान वर केली. सासऱ्यांनी अशी हाक ऐकल्याचं आजवर कधी घरात सांगितलं नव्हतं. "कवा?"

"किती येळा म्हनून सांगू. माझं नाव घेऊन नाय. 'भाऊजी' म्हनून. तसं तीच म्हनायची."

तुमचं मनच तुम्हाला हाक मारत असेल, असं मी म्हणू शकले असते. शाळेत मुलांना तसंच सांगत होते. पण सासऱ्यांचा तो आवाज ऐकून मला ते म्हणवेना.

तेराव्यानंतर त्यांनी मला चौकला न्यायला सांगितलं. सासूबाईंना नाही, मला. शेडमध्ये चूल थंड होती. थोरल्यांचा नवरा गॅरेजच्या दाराशी खुर्चीवर बसला होता, पुरता म्हातारा, हातांच्या रेघांत ग्रीस. "कोन?" त्याने विचारलं.

"तिचा दीर. कडावचा."

म्हाताऱ्याने सासऱ्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता हाकलून देतो. पण त्याने पोऱ्याकरवी दुसरी खुर्ची मागवली, चहा मागवला. दोघे बराच वेळ पुण्याच्या रस्त्यावर गाड्या किती वाढल्या ते बोलत बसले. यंदा भात कसं आहे ते बोलले. थोरल्यांचा विषय दोघांनी काढला नाही. निघायला उठताना सासऱ्यांनी विचारलं, "दुपारची ती कुठं असायची?"

"दुपारची?" म्हातारा गोंधळला. "हितंच. चुलीपुढं. दुपारीच तर गिऱ्हाईक असतं."

"रोज?"

"रोज. दुखलंखुपलं तरी."

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांनी आत जाऊन ती थंड चूल, परात, पिठाचा डबा, सगळं डोळ्यांखालून घातलं. भिंतीवर थोरल्यांचा फोटो लावला होता, हार घातलेला. त्याच्यापुढे ते थांबले, हात जोडले नाहीत, नुसते बघत राहिले. बाई तीच आहे का, हे ताडून बघत असावेत.

एस.टी. कर्जतच्या जवळ आली. मी खिडकी लावून घेतली तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"तो म्हातारा खरं बोलतोय," ते म्हणाले, "हे कशावरनं?"